शेडनेटमधलं टोमॅटोचं रान माजलंय, उन्हाळ्याआधी कसं आवरू? (गच्ची, जुळे सोलापूर)

मृणाल_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. गच्चीवर पाइपचा सांगाडा करून वर आणि तीन बाजूंनी ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली आहे. उंची साधारण सात फूट. दसऱ्यानंतर ग्रो बॅगमध्ये पुसा रुबी आणि चेरी टोमॅटोची रोपं लावली. माती, कोकोपीट, भरपूर शेणखत आणि दर आठवड्याला पाण्यातून १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश समान असलेलं खत). संक्रांतीला, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी तर इतके टोमॅटो निघाले की शेजारीपाजारी वाटले.

आता फेब्रुवारीत मात्र आत शिरायला जागा नाही. वेल छताला लागून परत खाली लोंबायला लागलेत, कुठला दांडा कुठल्या झाडाचा ते कळत नाही. खालची पानं पिवळी, मधे अंधार, आणि झाडाला हात लावला की पांढऱ्या माशीचा धुरळा उडतो. फुलं येतात पण निम्मी गळतात. फळं लागतात ती वर, पानांच्या छत्रीत.

उपटून टाका असं घरात सगळे म्हणतात. माझं मन धजत नाही, कारण झाडं जिवंत आहेत, हिरवीगार आहेत, वर बरीच कच्ची फळं आहेत. पण मार्च तोंडावर आलाय आणि आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. काय कापू, किती कापू, कधी कापू? नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअरचं देते, तेही सांगून ठेवते.

रानमाळ

ताई, जास्त विचार करू नका. प्रत्येक झाडाचा एक दांडा ठेवा, बाकी सगळं आज कात्रीनं साफ करा. टोमॅटो चिवट असतो. आठ दिवसांत नवी पालवी येते.

शिरीष_कृषी

मृणालताई, रानमाळ यांचा एका दांड्याचा मुद्दा योग्य आहे, पण एका दिवसात साफ करू नका. नाशिककडे किंवा डिसेंबरात ते खपून गेलं असतं. सोलापुरात फेब्रुवारी संपताना पारा ३५ च्या आसपास असतो, मार्चमध्ये ३७-३८ आणि पुढं एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर. सावलीत वाढलेली कच्ची फळं एका दुपारी उघड्यावर आली की पश्चिमेकडच्या बाजूला देठाजवळ पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. तो भाजलेला भाग पुढं काळा पडून त्यावर बुरशी येते. फळ हातचं जातं. शेडनेट आहे म्हणून हे टळत नाही, तिरपं ऊन बाजूनं येतंच.

आधी झाडं माजली का ते बघू, नाहीतर आवरलेलं परत माजेल. तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, हिवाळाभर डोक्यावर राहिलेली नेट. नोव्हेंबर ते जानेवारी आपल्याकडचं ऊन टोमॅटोला पुरेपूर मानवतं, तेव्हा वरची नेट गुंडाळून ठेवायची. निम्मा उजेड अडवला की झाड उजेड शोधत उंच जातं. मोजून बघा, दोन पानांमधलं अंतर वीतभर झालं असेल. दुसरी, नत्र. शेणखत मुबलक आणि वर दर आठवड्याला १९:१९:१९ म्हणजे पाल्याला खाऊच खाऊ. तिसरी, वाण. पुसा रुबी आणि बहुतेक चेरी टोमॅटो वेलासारखे वाढतच राहणारे आहेत, त्यांचा शेंडा आपण होऊन थांबत नाही. एखादा झुडपी वाण असता तर कमरेएवढा होऊन थांबला असता.

आता काम. पहिल्या दिवशी फक्त खालची पानं. ज्या घोसातलं फळ रंगावर आलंय त्या घोसाच्या खालची सगळी पानं काढली तरी झाडाचं नुकसान नाही. ती उजेडात नसल्यामुळे काही कमवत नाहीत, उलट रोग आणि माशी तिथंच घर करते. पान देठापासून मोडायचं, ठुठ ठेवायचं नाही, ठुठातूनच करपा आणि कुजवा आत जातो. सकाळी दव सुकल्यावर करा म्हणजे दुपारपर्यंत जखम वाळते. एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर एका वेळी हात लावू नका.

तीन-चार दिवसांनी बगलफूट, म्हणजे पानाच्या काखेतून निघालेली जादा फांदी. कोवळी, बोटभर असेल ती चिमटीत धरून बाजूला वाकवली की टक्कन निघते. अंगठ्याएवढी जाड झालेली मात्र मुळापासून तोडू नका. तिचा फक्त शेंडा खुडा आणि दोन पानं तशीच राहू द्या. जखम मोठी होत नाही आणि त्या दोन पानांची सावली फळांना मिळते. पश्चिमेकडच्या झाडांवर अशी दोन पानं आवर्जून ठेवा.

शेवटी मुख्य शेंडा. फुलापासून पिकलेलं फळ व्हायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे आज उमललेलं फूल एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात हाती येणार. त्यानंतरच्या फुलांची आशा धरण्यात अर्थ नाही. दिवसा ३२-३३ च्या वर आणि रात्री २२-२४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं होऊन गळतं. तुमची गळ आत्ताच त्या वाटेवर आहे. वरच्या शेवटच्या चांगल्या घोसाच्या वर दोन पानं ठेवून शेंडा छाटा. मग झाड आपली ताकद आहेत त्या फळांत घालेल.

डाळिंबवाला_सांगोला

आम्ही बागेला बहार धरताना पाणी तोडून ताण देतो, पानगळ करतो, छाटणी करतो, मग पाणी सोडलं की फुलं लगडतात. टोमॅटोला पण आठ-दहा दिवस पाणी तोडून बघा की. माज उतरतो आणि फुलावर येतं.

शिरीष_कृषी

दादा, डाळिंबाला ताण मानवतो कारण ते कोरड्या मुलखातलं झुडूप आहे, मुळं खोल आहेत आणि खोडात साठा आहे. ग्रो बॅगमधल्या टोमॅटोला फूटभर माती. या दिवसांत बॅग दोन दिवसांत कोरडी ठाक होते. ताण देऊन परत पाणी सोडलं की दोन तोटे ठरलेले. तयार फळं तडकतात, कारण आतला गर फुगतो आणि साल ताणत नाही. कच्च्या फळांचं बूड काळं पडतं. ते बूड काळं पडणं रोग नसतो. कॅल्शियम पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं, पाण्यात खंड पडला की पोचत नाही. म्हणून टोमॅटोचा माज उतरवायचा तो नत्र कमी करून, पाणी तोडून नव्हे. १९:१९:१९ बंद करा. पंधरा दिवस नुसतं पाणी, मग १३:०:४५ (नत्र कमी, पालाश जास्त असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

डाळिंबवाला_सांगोला

पटलं. आमच्यात पण कुंडीतल्या डाळिंबाला ताण सोसत नाही, बागेतल्यालाच सोसतो.

पद्मा_अक्का

मृणाल, मी अक्कलकोट रोडला राहते. माझ्याकडे पत्र्याच्या अंगणात हीच तऱ्हा होती, वेल सुतळीनं बांधून बांधून मी थकले. दोन गोष्टी सांगते, मनावर घे.

पहिली बांधायची. नायलॉनची दोरी अजिबात नको. फळांचं वजन आलं की ती दांड्यात रुतते आणि वरचा वेल सुकतो. आमच्या गल्लीत टॉवेलचे कारखाने आहेत, तिथं कडेच्या चिंध्या निघतात, मऊ सुती, बोटभर रुंद. त्या मागून आण. दांड्याभोवती सैल आठाचा आकडा करून बांध, मधे बोट जाईल एवढी जागा ठेव. पाऊस-उन्हात वर्षभर टिकतात आणि शेवटी खतातच जातात.

दुसरी हात धुवायची. आमच्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात, माझी जाऊसुद्धा. तंबाखूच्या वाळल्या पानात मोझॅकचा विषाणू वर्षानुवर्षं टिकून राहतो आणि तोच टोमॅटोला लागतो. विड्या वळून, तंबाखू मळून त्याच हातानं बगलफूट खुडली की झाडाच्या ताज्या जखमेत तो जातो. मग पानांवर फिकट-गडद हिरव्या चट्ट्यांची नक्षी येते, पानं अरुंद होतात, आणि त्यावर औषध नाही. घरात कुणी तंबाखू खात असेल, मिश्री लावत असेल तर आधी साबणानं हात धुऊनच नेटमध्ये शिरायचं. जाऊबाई आता दुधात हात बुडवून मग झाडाला हात लावते. दुधानं हा विषाणू निकामी होतो म्हणून रोपवाटिकावालेही तसं करतात.

मृणाल_जुळेसोलापूर

अक्का, हे कुणीच सांगितलं नव्हतं. सासरे तंबाखू मळतात आणि रोज संध्याकाळी मोठ्या मायेनं झाडांची सुकलेली पानं खुडतात. आजच सांगते त्यांना, वाईट वाटणार नाही अशा बेतानं.

शिरीषदादा, गोंधळ एकच आहे. या गर्दीत बगलफूट कुठली आणि फुलाचा घोस कुठला हे कसं ओळखू? कोवळे असताना दोन्ही सारखेच दिसतात.

शिरीष_कृषी

खालून वर बोट फिरवत जा. पान जिथं दांड्याला मिळतं त्या बेचक्यात, काखेतून निघते ती बगलफूट, आणि तिला पहिल्यापासून पानंच असतात. फुलाचा घोस कधीच काखेतून निघत नाही. तो दोन पानांच्या मधे, उघड्या दांड्यातून थेट बाहेर येतो आणि त्याला बारीक लव असलेल्या कळ्या असतात. कधीकधी जास्त नत्रामुळे घोसाच्याच टोकाला पान फुटतं, तुमच्याकडे नक्की सापडेल. ते पान तेवढं चिमटा, घोस ठेवा.

मुख्य दांडा हरवला असेल तर बुंध्याशी सुरुवात करून दर फूटभरावर एक रंगीत चिंधी बांधत वर जा. आधी सगळ्या झाडांचे मुख्य दांडे असे खुणावून घ्या, कात्री नंतर. गर्दीत सगळ्यात जास्त नुकसान चुकीचा दांडा कापल्यानं होतं.

संजू_होटगीरोड

छताला लागलेले वेल खाली घ्यायचे तर? माझे पण सगळे वर जाऊन वाकलेत. ओढले की मोडतात.

शिरीष_कृषी

सकाळी ओढू नका. रात्रभर दांडा पाण्यानं भरतो, कडकन मोडतो. दुपारी चारनंतर तोच दांडा जरा मलूल, लवचिक असतो. त्या दिवशी सकाळचं पाणीही थोडं कमी द्या. खालची पानं आधीच काढलेली असली पाहिजेत. वरची गाठ सोडून दांडा एकदम खाली सोडायचा नाही. एकानं वर धरायचं, दुसऱ्यानं खालचा उघडा दांडा बॅगभोवती आडवा फिरवत न्यायचा. एका वेळी फूट-दीड फूट पुरे. मातीला टेकलेल्या गाठींतून पांढऱ्या मुळ्या फुटतात, त्यावर ओंजळभर गांडूळखत टाका, झाडाला नवा जोर मिळतो.

पिचला तरी घाबरू नका. अर्धा पिचलेला दांडा सांध्याला टेप गुंडाळून काडीचा आधार दिला की बहुतेक वेळा सांधतो.

बाळासाहेब_सांगाडा

माझा फॅब्रिकेशनचा धंदा आहे, म्हणून एकच मुद्दा. सगळा वेल छताच्या पाइपला लटकावलेला असेल तर वजन वर जमतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटतं तेव्हा नेट शिडासारखी फुगते आणि गच्चीवर अडवायला काही नसतं. ताई, तुमचे खांब गच्चीला कसे धरलेत? नुसत्या सिमेंटच्या डब्यात उभे असतील तर चारी कोपऱ्यांतून पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) तार ओढून घ्या आणि वाऱ्याच्या बाजूची नेट खालून सोडता येईल अशी ठेवा. वेलांसाठी नेटच्या पाइपला हात न लावता वेगळी आडवी तार ताणा, दोन्ही टोकांना टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावून. गारा पडल्या तर नेटवर साचलेलं वजनही मोठं असतं, तिला थोडा उतार पाहिजे.

मृणाल_जुळेसोलापूर

डब्यातच आहेत, दादा. तारा या रविवारी ओढून घेते.

वैशाली_सातरस्ता

पांढऱ्या माशीचं कुणी बोललं नाही. पाला काढताना ती उडून शेजारच्या मिरच्यांवर जाईल ना? आणि काहींची पानं वर वळून आकसलीत का, ते बघा. तसं असेल तर तो लीफ कर्लचा विषाणू. माशीच तो पसरवते. ते झाड बरं होत नाही.

शिरीष_कृषी

वैशालीताई, बरोबर. ज्या झाडाचा शेंडा आखडून वाटीसारखा झालाय, पानं बारीक, फूल नाही, ते झाड पहिल्यांदा जाऊ द्या. भल्या पहाटे काढा, माशी थंड असते. आधी पूर्ण झाडावर मोठी प्लास्टिकची पिशवी घाला, बुंध्याशी कापा आणि पिशवीसकट उन्हात ठेवा. त्याची फांदी कलमासाठी कधीच घेऊ नका.

बाकीच्यांना पिवळे चिकट सापळे पानांच्या उंचीवर टांगा. निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, थोडं साबणाचं पाणी मिसळून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. फवारणी पाला विरळ केल्यानंतरच करा. आत्ता त्या जंगलात औषध आत पोचणारच नाही, वरच्यावर राहील.

मार्चमध्ये माशीपेक्षा लाल कोळी जास्त छळेल. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्यानं वाढतो. सकाळी पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा मारा, त्यानं बराच आटोक्यात येतो. गंधक वापरायचं असेल तर ३२ च्या वर पारा असताना नाही, पानं करपतात. आणि निंबोळी तेलानंतर निदान दोन आठवडे गंधक नाही.

डाळिंबवाला_सांगोला

बोअरच्या पाण्याचं राहिलं. सोलापूर शहरात बऱ्याच बोअरला क्षार जास्त. बॅगेच्या कडेला पांढरी खपली धरलीय का बघा ताई. पानांच्या कडा करपल्यासारख्या होतात ते ऊन लागल्यानं नव्हे, मिठानं. आम्ही ठिबकला ॲसिड सोडून साफ करतो, तुम्ही एवढं करा, नळाचं पाणी येईल त्या दिवशी बॅगेच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश सोडा. पंधरा दिवसातून एकदा तरी. नळाला येणारं उजनी धरणाचं पाणी बोअरपेक्षा गोडं आहे.

मृणाल_जुळेसोलापूर

पंधरवडा झाला, काय काय केलं ते कळवते.

सगळ्या झाडांचे दांडे चिंध्यांनी खुणावले. पुसा रुबीच्या एका झाडाची पानं अगदी वैशालीताई म्हणाल्या तशी वाटीसारखी होती, ते पहाटे पिशवीत घालून काढलं. बाकीच्यांची खालची पानं काढल्यावर पहिल्यांदा बॅगा दिसल्या. त्यातल्या बऱ्याच बॅगांच्या कडेला पांढरी खपली होती, नळाच्या पाण्यानं धुऊन काढली, तळातून आलेलं पाणी चहासारखं तांबूस होतं.

सर्वांत मोठा फरक हवेचा. आता एका बाजूनं पाहिलं की पलीकडची भिंत दिसते. वरच्या घोसांतली फळं रंगावर यायला लागली. पश्चिमेच्या रांगेत दोन-दोन पानं ठेवली होती, तिथं एकही चट्टा नाही. दाराजवळच्या एका झाडावर सासऱ्यांनी जरा जास्त हात चालवला, तिथल्या तीन फळांना मात्र शिरीषदादा म्हणाले तसाच कागदी डाग आला. मला फोटोपेक्षा तो प्रत्यक्ष बघून जास्त समजला. बोट लावलं तर साल आत दबते, खाली टणक गर.

सासरे आता नेटच्या दाराशी साबणाची वडी ठेवून असतात.

दोन शंका. चेरीच्या काढलेल्या बगलफुटी पाण्यात ठेवल्या, आठवड्यात मुळ्या आल्या. त्या आत्ता लावू का? आणि नेटचं काय, ५० टक्के पुरेल का?

शिरीष_कृषी

चेरीच्याच लावा, मोठ्या फळाच्या नकोत. चेरीची फुलं उष्णतेत जरा जास्त तग धरतात. तरी मे महिन्यात फळ थोडंच मिळेल, आणि लाल न होता नारिंगी-पिवळट राहील, कारण ३० च्या वर तापमान गेलं की लाल रंग नीट तयार होत नाही. अशी फळं रंगाची पहिली छटा आली की तोडून घरात सावलीत पिकवा, चांगली लाल होतात. लावताना कलम आडवं, तिरपं, निम्मं मातीत, आणि पहिले आठ दिवस दुपारच्या उन्हापासून पूर्ण आडोसा. फुलं चिमटून टाका.

नेट ५० ची पुरे आहे. ७५ ची लावू नका, परत तेच उंच लोंबकळणं सुरू होईल. त्यापेक्षा पश्चिमेला दुपारी दोन ते पाच जुनी सुती साडी सोडा आणि पूर्वेकडची बाजू पूर्ण उघडी ठेवा, गरम हवा निघून गेली पाहिजे. बॅगांवर उसाचं पाचट किंवा वाळला पाला चार बोटं पसरा, तुमच्या चार दिवसांआडच्या पाण्यात त्याचा फार उपयोग होईल. बॅगा थेट स्लॅबवर असतील तर खाली विटा सरकवा. मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की मुळं खालून भाजतात.

पुसा रुबी एप्रिलअखेर संपेल. त्याला ओढून-ताणून जगवू नका. मेच्या शेवटी ट्रेमध्ये नवं बी टाका, म्हणजे जूनच्या सरी आल्या की रोपं तयार. पावसाळ्यात माशी आणि करपा दोन्ही असतात, तेव्हा अर्का रक्षक बघा. लीफ कर्ल आणि लवकर येणारा करपा या दोन्हींना तो दाद देत नाही आणि फार उंचही जात नाही.

संजू_होटगीरोड

काढलेला पाला खतात टाकावा का? माझा ढीग झालाय.

पद्मा_अक्का

निरोगी पाला टाक, बारीक करून, वाळवून, मधे शेण घालून. करप्याचे काळे गोल डाग असलेला आणि आकसलेला पाला खतात नको, घरच्या ढिगाला तेवढी धग येत नाही. तो पिशवीत बांधून घंटागाडीत दे. आणि त्याच ढिगात विडीच्या पानांचा, तंबाखूचा कचरा कधी मिसळू नकोस.

मृणाल_जुळेसोलापूर

विटा उद्याच घालते. बाळासाहेबदादा, तारा ओढून झाल्या, टर्नबकल सात रस्त्याच्या हार्डवेअरमध्ये मिळाले. वेल आता वेगळ्या तारेवर आहेत. संजू, चेरीच्या मुळ्या फुटलेल्या फांद्या जास्त झाल्यात, हव्या असतील तर रविवारी घेऊन जा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते.